तुसाच्या गोणी

१

गोण उचलता उचलता बाबल्या खलाशी मागच्या मागे कोसळला, आणि धक्क्यावरचे सगळे खो खो हसले. भरल्या गोणीच्या बेताने त्याने कंबरेत जोर आणला होता आणि गोण हाताला आली ती उशीसारखी हलकी. पायरीवर आपटून तिची शिवण उसवली. आत भात असायला हवं होतं. सांडलं ते तूस, नुसतं तूस.

मग कोणी हसलं नाही.

रावजी सुर्वे वखारीच्या दारात स्टुलावर बसले होते. ते पोलिसांतले पेन्शनर जमादार. नोकरी सगळी देशावर झाली, म्हातारपणी रत्नागिरीला परतले. आता निवांत पान खाऊ म्हणतात तोच काजळी नदीला पूर आला. वरच्या अंगाचे ओढ्यांवरचे साकव वाहून गेले, दरडी रस्त्यावर आल्या, आणि नावेडखोल आणि तिच्या वाड्या जगापासून तुटल्या. शहरात मदत कमिटी निघाली. कोणी धोतरं दिली, कोणी कंदील दिले, पावसच्या बागायतदारांनी भात दिलं, आणि हा सगळा माल खाडीकाठच्या युसुफशेठच्या वखारीत रचला गेला. त्याच्यावर नजर ठेवायला प्रामाणिक माणूस हवा होता. प्रामाणिक माणसं गावात पुष्कळ होती, पण रिकामे एकटे रावजीच होते.

तेव्हापासून त्यांची पाठ काही धरणीला लागली नव्हती. लोक माल आणून टाकत, आभार मानून घेत आणि निघून जात. निवडायचं, रचायचं, पावसापासून झाकायचं ते उरलेल्यांनी. कोणीतरी तर जरीची टोपी दिली होती. तीही रावजींनी घडी करून ठेवली होती, पुरात अडकलेल्या कोणाचं लग्न निघालं तर असावी म्हणून.

"आणखी एक उघडा," ते म्हणाले.

दुसरीतही तूस निघालं. रांगेतल्या पाच गोणी तशाच निघाल्या. वखारीचं कुलूप शाबूत होतं, आणि किल्ली रात्रंदिवस रावजींच्या कमरेला होती.

२

फौजदार आले, आणि त्यांनी घटकाभरात चोर धरला. रावजींना नवल वाटलं नाही. तरुणपणी तेही असेच चोर धरत.

"खिडकी खाडीवर, खिडकीखाली मचवा, आणि मचव्याच्या फळ्यांत भाताचे दाणे," फौजदार म्हणाले. "आणखी काय पाहिजे?"

मचवा हमीद तांडेलचा. दोन शिपाई त्याला घेऊन गेले. वखारीच्या दाराला लाखेची सीलं लागली, मागच्या अंगणाच्या फाटकालाही लागली. मोठे साहेब लांज्याला अडकले होते. ते येऊन बघेपर्यंत आतला दाणा हलायचा नाही, असा हुकूम सुटला.

"साहेब, गावं उपाशी आहेत," रावजी म्हणाले.

"आणि अर्धा माल तूस निघाला तर गावं काय खातील, जमादार?"

सील लागण्याआधी रावजींनी आत एक चक्कर मारली होती. तुसाच्या पाचही गोणी पावसहून आलेल्या भाताच्या. पलीकडे भाताची दुसरी रांग होती, चांगली टम्म भरलेली, तिला कोणी हात लावला नव्हता. तांदळाच्या गोणी तर तशाच होत्या. चोराने कांडलेला तांदूळ सोडला आणि न कांडलेलं भात नेलं! असा चोर रावजींनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

त्या दुसऱ्या रांगेच्या पायाशी जमिनीवर काही दाणे पडले होते, दाताखाली फोडलेले, आतून पिवळट, काचेसारखे. "उंदीर," शिपाई म्हणाला. रावजींनी एक दाणा उचलून पाहिला. फोडला होता, पण खाल्ला नव्हता. उंदीर थुंकतात हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. त्यांनी तो उपरण्याच्या टोकाला बांधला.

बाहेर फाटकाशी हौसा उभी होती. नावेडखोलची बाई, पन्नाशीची, सुकटासारखी वाळलेली. पुरातून वाट काढत चार बायकांसह ती मदत मागायला खाली आली होती, आणि मचवा निघेपर्यंत त्या पाचजणी मागच्या पडवीत कमिटीचं भात कांडत होत्या. रोज सकाळी दोघीदोघी मिळून एकेक गोण बाहेर न्यायच्या. एखादी कांडायची राहिली तर संध्याकाळी हौसा एकटी ती डोक्यावर घेऊन आत आणून ठेवायची. या वयात काय ताकद, म्हणून रावजींना तिचं कौतुक वाटायचं.

"जमादारदादा, मना अंगणात जाऊ द्या. काम ऱ्हायलंय माजं."

"काम सगळंच थांबलंय, बाई."

"घटकाभरच जातंय."

"सीलबंद आहे ते. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की रावजींनी नजर वळवली. थकलेल्या माणसाला दुसऱ्या थकलेल्या माणसाचं तोंड बघवत नाही.

३

हमीद चोर असेल हे रावजींच्या मनाला पटेना. आणि पटून उपयोगही नव्हता, कारण पुराच्या पाण्यातून मचवा वर न्यायची छाती असलेला तांडेल तो एकच होता. तो कोठडीत, माल सीलात, आणि गावं पाण्यापलीकडे. म्हणून त्यांनी छत्री उघडली आणि चौकशीला निघाले. त्यांना चौकशीचा अधिकार नव्हता, पण नाही म्हणायला तरी कोणाच्या अंगात त्राण उरलं होतं?

पहिले युसुफशेठ. वखार त्यांची. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असेल, असं फौजदाराला वाटलं नव्हतं, रावजींना वाटलं होतं.

"किल्ली? एकच हाय ती तुमच्याकडं," शेठ म्हणाले, पण म्हणताना त्यांना घाम फुटला. "गोणी सगळ्या उघडून बघणार काय ते? म्हणजे तांदळाच्यापण?"

"बघतीलच. का?"

शेठ जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "मी दिलेल्या तांदळात पोरकिडे हायत, जमादार. खपला नाय तो जुना माल होता. अल्लाला काय ते ठाऊक, पण कमिटीला नको."

रावजींना हसूही आलं आणि शिसारीही. दानशूर माणसाचा घाम कसला होता ते कळलं, एवढंच.

आतून कनीजबींनी चहा पाठवला आणि दाराआडून आपलंही गाऱ्हाणं मांडलं. पुरापासून घरात काही जागेवर राहिलं नाही. लाकडं ओली, पापड ओले, आणि आता मांजरसुद्धा बिघडली.

"चूल सोडून भाईर जाते. भिंतीवरून उडी मारते, नि अंगणातल्या तुसाच्या ढिगावर जाऊन निजते. एवढ्या गारठ्यात! आमच्या चुलीला काय झालंय?"

"मांजरीलाही दानधर्माचा कंटाळा आला असेल," रावजी म्हणाले आणि चहा संपवून उठले.

मग दातार. हे कमिटीचे सेक्रेटरी, पुण्याहून बदलून आलेले शाळामास्तर. माणूस भला, पण पूर आल्यापासून तापाने फणफणत होता, आणि अंगावर घोंगडी घेऊनच काम करत होता. चोरीची फिर्याद त्यांच्या सहीने गेली होती.

"मला चोरापेक्षा त्या गावांची काळजी आहे हो," दातार म्हणाले. "भोळी माणसं. त्या हौसाबाई पहिल्या दिवशी आल्या, मी विचारलं काय पाहिजे तुम्हाला, तर म्हणतात, 'आमाला भात हवं.' भात 'हवा' एवढंसुद्धा धड म्हणता येत नाही! मी म्हटलं, बाई, भात इथे शिजवून पाठवला तर पोचेपर्यंत आंबेल. तांदूळ न्या आणि घरी भात करा. तरी पुन्हा तेच, भात हवं, भात हवं. म्हटलं, भात नाही आमच्याकडे, तांदूळ आहे." ते हसता हसता खोकू लागले.

रावजीही हसले. डोळ्यांवर झोप आली होती, आणि हसण्याची बाब समोरच्याने ठरवून दिली की सोपं जातं.

"आणि त्या चोरीच्या गोणींवर 'साळ' असं मोठ्या अक्षरांत मीच लिहिलं होतं," दातार म्हणाले. "चोराला वाचता येत असेल, नाहीतर तेवढीच नेमकी कशी नेली?"

४

कोठडीत हमीद गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. गालावर वळ उठला होता.

"कबूल हो म्हणतात. काय कबूल होऊ? माल कुटं हाय तो मलाच ठाऊक नाय."

"मचव्यात दाणे सापडले, हमीद."

"सापडणारच! पावसवरनं ते भात मीच आणलं. गोणीतनं दाणे सांडत नाय काय? आनि जमादार, ते भात कच्चं हाय. आमच्याकडं उकडं खातात. कच्चं भात घरात नेलं तर बायको मला भाईर काढील." त्याने वर पाहिलं. "मला सोडू नका पायजे तर. पण उद्या उधाणाचं पाणी शेवटचं. मग भांगाचं उथळ पाणी लागलं की मचवा वर चढायचा नाय, पुढल्या उधाणापर्यंत. तेवढं फौजदारांना सांगा."

रावजींनी सांगितलं. फौजदार म्हणाले, साहेब येऊ देत.

घरी जाताना रावजींनी उपरण्याचं टोक सोडून तो फोडलेला दाणा पाहिला. पिवळट, काचेसारखा. हे उकडं भात. कांडण्याआधी उकडून वाळवलेलं, कोकणातल्या घराघरात असतं तसं. म्हणजे न चोरलेली रांग उकड्या भाताची होती आणि चोरलेली कच्च्याची. कोणीतरी दाणा दाताखाली धरून, उकडं म्हणून थुंकून, ती रांग सोडून दिली होती. खायला उकडं चांगलं, विकायलाही चांगलं. मग कच्च्याने उकड्याहून जास्त असं काय होतं?

डोकं चालेना. तसेच अंथरुणावर पडले.

५

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रावजी ओट्यावर नुसते बसून होते. मोठे साहेब आले नव्हते. खाडीला पाणी चढायला लागलं होतं. आतून कमळाबाईंनी हाक मारली.

"भात झालाय, या जेवायला."

रावजी उठले आणि उंबऱ्यातच थबकले.

"काय म्हणालीस?"

"भात झालाय म्हटलं. गेले आठ दिवस तुम्हाला काही ऐकू येत नाही."

"झालाय," रावजी पुटपुटले. "झालाय, झालं नाही." आणि ताटावर न बसता ते वहाणा शोधू लागले. "कमळे, शेतातल्या भाताला काय म्हणशील गं? पिकला की पिकलं?"

"पिकलं. ताटातला तो भात, शेतातलं ते भात. देशावर राहून एवढंही विसरलात?"

विसरलेच होते. हौसा 'भात हवा' म्हणालीच नव्हती. ती म्हणाली होती 'भात हवं'. दातारांना ती बोलीची चूक वाटली, आणि रावजी झोपेत हसले. तिला शिजलेला भात नको होता. तिला बियाणं हवं होतं! पुराने लावण्या खरवडून नेल्या होत्या. हळवं, लवकर पिकणारं भात मोड आणून चिखलात अजून फेकलं असतं तर दिवाळीपर्यंत काहीतरी हाती आलं असतं. आणि उकडलेल्या दाण्याला मोड येत नाहीत. म्हणून दाणा चावून पाहिला, म्हणून कच्चंच नेलं. वखारीत ढीगभर भात डोळ्यांनी दिसत असताना दातार तोंडावर सांगतात की भात नाही! तिला ते धडधडीत खोटं वाटलं असेल. वाटेल नाहीतर काय?

कुलूप कोणी तोडलंच नव्हतं. गोणी सकाळी कांडायला म्हणून सगळ्यांदेखत बाहेर गेल्या, दोघींनी उचलून. संध्याकाळी कांडायच्या राहिल्या म्हणून परत आल्या, एकटीच्या डोक्यावरून. तुसाने भरलेल्या गोणी! आणि त्यांना दार उघडून आत घेणारा शहाणा दुसरा कोणी नव्हता, स्वतः रावजी जमादार होते.

भात कुठे होतं तेही आता सांगायला नको. मागच्या वहाळाच्या वाहत्या पाण्यात भिजवून ते ऊबेला झाकून ठेवायला हवं. मोड येताना भाताला माणसासारखा ताप चढतो. कनीजबींची मांजर उगाच चूल सोडून गेली नव्हती.

पण अंगणाला सील होतं, कालपासून. मोडांना दोन वेळा पाणी शिंपडावं लागतं, खालवर करावं लागतं. रावजी पावसातच निघाले, छत्री घरी राहिली.

६

हौसा फाटकाशीच बसली होती. रावजी तिच्यापुढे उकिडवे बसले.

"तुसाच्या ढिगात आहे ना?"

तिने मान डोलावली. नाही म्हणण्याचा आवही आणला नाही.

"हमीदला मारलं त्यांनी. तोंड का नाही उघडलंस?"

"काल रातच्याला कळलं मना, त्येला मारल्याचं. आज सांगनार व्हतंय." ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "सांगितलं आस्तं तर भात सरकारात जमा झालं आस्तं. तुमचा तांदूळ बरा हाय, दादा. पंधरा दिस जातील. मग परत खाली येऊन हात पसरायचा? नि परत कोन देनार?"

रावजी दातारांना घोंगडीसकट घेऊन चौकीवर गेले. सगळं ऐकून फौजदार म्हणाले, "म्हणजे चोर ती बाई."

"फिर्याद कोणाची आहे, साहेब?"

दातारांचा चेहरा तापाने लाल होता, तो आणखी लाल झाला. "म्हणजे त्यांना साळ हवी होती," ते म्हणाले. "आणि मी ती गोष्ट दहा ठिकाणी विनोद म्हणून सांगितली." मग त्यांनी फौजदारांकडे पाहिलं. "माझी फिर्याद मी मागे घेतो. ते भात नावेडखोलसाठीच आलं होतं. ते नावेडखोललाच जाऊ दे."

"आणि तूस?"

"तूस कोर्टात दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा," रावजी म्हणाले. "पण पाणी चढलंय. घटकाभरात उतरायला लागेल."

फौजदारही पूर आल्यापासून धड झोपले नव्हते. शेवटी त्यांनी कोठडीची किल्ली टेबलावर सरकवली.

सीलं तुटली. हमीद थेट मचव्याकडे गेला, बाबल्या आणि इतर खलाशी गोणी उचलायला लागले. युसुफशेठच्या तांदळाच्या तेवढ्या बाजूला काढून रावजींनी त्या शेठच्याच दारात ठेवल्या. अंगणात बायकांनी तुसाचा ढीग उपसला. वाफ आली. आत जुन्या गोणपाटात पाच गाठोडी होती, पाच वाड्यांची. पहिलं सोडलं, पांढरेशुभ्र मोड. दुसरं, तिसरं, चौथंही तसंच. राही नावाची बाई त्यावर हात फिरवून रडायलाच लागली.

तळचं पाचवं सोडलं आणि आंबूस वास आला. मोड काळे पडून चिकट झाले होते. बोट घातलं तर चटका बसत होता.

"हे कोणत्या वाडीचं?" रावजींनी विचारलं.

"आमच्या."

"बाकीच्या चारांतून थोडं थोडं काढून घ्या ना."

"मोजून केलंय, दादा. थोडं थोडं काढलं तर कोनाचंच खाचर भरनार नाय." हौसाने गोणपाट पुन्हा झाकलं. "कालच्याला मना आत सोडलं आस्तंत, तर ह्ये वाचलं आस्तं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. झालं ते सांगावं तसं तिने सांगितलं, आणि तेच रावजींना सोसवेना. तिने एव्हाना चौथं गाठोडं डोक्यावर घेतलं होतं, दुसऱ्या वाडीचं, आणि सांभाळून पायऱ्या उतरत ती मचव्याकडे निघाली होती.

मचवा वळणाआड जाईपर्यंत रावजी धक्क्यावर उभे होते. मग घरी गेले. कमळाबाईंनी पान वाढायला घेतलं, तर नको म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.